पिकअप घ्यायची आहे? आधी वही लिहा, मग इंजिन निवडा

आंबिया बहाराचा संत्रा उतरायला आला की आमच्या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात गाड्यांची चौकशी सुरू होते. बागेचा पैसा दिसायला लागतो आणि भाड्याच्या गाडीमागे फिरून माणूस कंटाळलेला असतो. आमच्या घरी पिकअप दीर चालवतात, हिशेब मी ठेवते. डिझेल, हमाली, टायर, विमा, कोणत्या खेपेला काय उरलं, सगळं एका वहीत आहे. म्हणून लोक गाडी घ्यायच्या आधी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. पूर्वी प्रश्न एवढाच असायचा की कोणत्या कंपनीची घेऊ. आता शेजारचा पोरगा विचारतो, "वहिनी, हायब्रिड घेऊ का डिझल? पोट्टे म्हन्तेत का आता डिझलचे दिवस गेले."

त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

हायब्रिडचं आधी उरकून घेऊ

खऱ्या हायब्रिड गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं, शिवाय विजेची मोटर आणि बॅटरी. ब्रेक मारला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ताकद मोटर बॅटरीत भरते आणि पुढच्या उचलीला तीच वापरते. म्हणजे फायदा मुख्यतः थांब-चाल असलेल्या रस्त्यावर. शहरातल्या सिग्नलवर हायब्रिड गाडी पेट्रोल वाचवते ती यामुळे. भरलेली गाडी काटोल रस्त्याने एका वेगात साठावर चालली असेल, तर ब्रेक लागतच नाही, मग परत मिळवायचं तरी काय? तिथे बॅटरी आणि मोटर हे बरंचसं जास्तीचं वजन. घाटात उतरताना मात्र ती उपयोगी पडते, हे मान्य करायला हवं.

अमेरिकेत हायब्रिड पिकअप मिळतात. फोर्डची मॅव्हरिक २०२२ च्या मॉडेलपासून हायब्रिडमध्ये आली. तिचं सरकारी चाचणीतलं ॲव्हरेज गॅलनला ३७ मैल, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साधारण पावणेसोळा किलोमीटर. पण तिचा भार साधारण ६८० किलोचा. आपल्याकडे तेवढं वजन छोट्या हत्तीत जातं. तिथलीच मोठी एफ-१५० हायब्रिड डाल्यात ७.२ किलोवॅटपर्यंत वीज देते. आपली पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॅटच्या आसपास घेते, त्यामुळे ऐकायला फार छान वाटतं. पण आपले बहुतेक पंप थ्री-फेजचे, आणि ती गाडी आपल्या बाजारात नाही.

भारतात पूर्ण हायब्रिड मिळते ती माणसं नेणाऱ्या गाड्यांत: इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटारा. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, इंट्रा या ज्या गाड्यांत आपला माल जातो, त्यांत ती नाही. शोरूममध्ये कोणी सीएनजी-पेट्रोलच्या गाडीला हायब्रिड म्हणत असेल तर थांबवा. त्या गाडीत इंजिन एकच असतं, इंधनाच्या टाक्या दोन. ब्रेकमधून ती काहीही परत मिळवत नाही. जुन्या डिझेलला बाहेरून मोटर-बॅटरीचं किट बसवून देतो म्हणणारेही भेटतील. गाडीच्या मूळ रचनेत आरटीओच्या मंजुरीशिवाय बदल केला, तर फिटनेसला अडचण येते आणि अपघात झाला की विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. त्या वाटेला जाऊ नका.

तेव्हा आपल्यापुढचा खरा प्रश्न डिझेल, सीएनजी की बॅटरीवरची, हा आहे. त्याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही, तुमच्या वर्षभराच्या फेऱ्यांत मिळतं.

वही

गाडी घ्यायच्या आधी मागच्या वर्षी तुमचा माल कुठे कुठे गेला ते आठवून लिहा. प्रत्येक फेरीचं चारच गोष्टींत: कुठून कुठे, वजन किती, येताना रिकामी की भरलेली, आणि महिना कोणता. भाड्याच्या गाड्यांच्या पावत्या, बाजार समितीच्या काटापट्ट्या, अडत्याच्या पट्ट्या घरात असतातच. त्या काढून बसा.

आमच्या भागातल्या माणसाची वही साधारण अशी निघेल. दिवाळीच्या पुढेमागे आंबियाचा संत्रा, फेब्रुवारीपासून मृगाचा. कॅरेट भरून नागपूरला कळमना बाजार, एका बाजूने शंभरेक किलोमीटर. त्याच दिवसांत कापूस जिनिंगला, तो जवळच, पण डाला आभाळाएवढा भरलेला. सोयाबीन बाजार समितीत. मग खत, बियाणं, ठिबकच्या नळ्या, कोंबडखत. एप्रिलपासून जूनपर्यंत गाडी बहुतेक उभी, लग्नाचं सामान किंवा मंडपवाल्याचं भाडं मिळालं तर मिळालं. पावसाळ्यात वावराच्या पांदण रस्त्यावर चिखल.

दूधवाल्याची वही अगदी वेगळी. रोज तेवढीच गावं, रोज तेवढेच किलोमीटर, वर्षाचे बाराही महिने. भाजीवाल्याची आणखी वेगळी.

वही लिहून झाली की दोन ओळींखाली रेघ मारा. एक, सगळ्यात लांबची भरलेली फेरी. दोन, वर्षाचे एकूण किलोमीटर. पहिली ओळ कोणतं इंजिन चालणारच नाही ते सांगते. दुसरी ओळ सांगते, महागडी गाडी घेऊन इंधन वाचवण्यात काही अर्थ आहे का. ज्याची गाडी वर्षाला बारा हजार किलोमीटर धावते आणि ज्याची पन्नास हजार, त्या दोघांना एकच सल्ला देणारा माणूस सल्लागार नाही, विक्रेता आहे.

डिझेल

भरलेली गाडी जागेवरून उचलायला आणि चिखलातून काढायला इंजिन सावकाश फिरत असतानाच जोर लागतो. तो डिझेल इंजिनाचा स्वभावच आहे. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला माल नेणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पंप कुठेही सापडतो, मिस्त्री कुठेही सापडतो, आणि जुनी गाडी विकायला गेलं तर गिऱ्हाईक गावातच असतं. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होते का, असं बरेच जण विचारतात. तसा निर्बंध आला तो दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या एनसीआर भागापुरता, आपल्याकडे नाही.

पण नवी डिझेल गाडी जुन्यासारखी नाही, हे नीट समजून घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम, लागू झाला. तेव्हापासून डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, यायला लागली. रोज चूल पेटवणाऱ्या बाईला काजळी साचणं म्हणजे काय ते कळतं. चूल धडधडून पेटली तर ती जळून जाते, नुसती धुमसत राहिली तर साचत जाते. गाडीचंही तसंच. इंजिन चांगलं तापून गाडी रस्त्याला सलग चालली तर जाळीतली काजळी आपोआप जळते. वावर ते गाव, गाव ते जिनिंग, चार-पाच किलोमीटर चाललं की बंद, असं महिनोन्महिने केलं तर जाळी तुंबते, मीटरवर दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते. त्या दिव्याकडे दुर्लक्ष करून तशीच चालवली तर काम खर्चिक होतं. दिवा लागला की गाडी मोकळ्या रस्त्याला काढा आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलंय तितका वेळ एका चालीत चालवा.

शोरूममध्ये हेही विचारा की या मॉडेलला युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, लागतं का. काहींना लागतं, काहींना नाही. लागत असेल तर ते बंद डब्यातलं, खात्रीच्या दुकानातलंच घ्या. पोत्यातला शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकणारे महाभाग आहेत. त्याने आतला सगळा संच खराब होतो.

म्हणजे डिझेल कोणासाठी? ज्याच्या वहीत शंभर किलोमीटरच्या भरलेल्या फेऱ्या आहेत, वजन टनाच्या वर आहे, आणि रस्ता पुरेसा लांब आहे. संत्रावाल्याला मी आजही डिझेलच सांगते.

सीएनजी

सीएनजीचा सगळा खेळ पंपावर आहे. गॅस टाकीत साधारण २०० बारच्या दाबाने भरला जातो. पंपावर तेवढा दाब नसेल तर टाकी अर्धवटच भरते, आणि पैसे किलोवर असल्यामुळे फसवणूक होत नाही, पण तुमचा पल्ला कमी होतो. जिथे पाइपलाइन पोचलेली नाही तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ट्रक उशिरा आला की रांग लागते, आणि तो रिकामा होत आला की दाब उतरतो. मे महिन्यात भर दुपारी भरला तर गरम झालेल्या टाकीत गॅस कमीच मावतो, तेव्हा पहाटे भरलेला बरा. आपल्याकडे ४५-४६ अंश काही नवलाचे नाहीत.

म्हणून सीएनजीची गाडी बुक करायच्या आधी एक काम करा. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर जो पंप आहे, तिथे ज्या वेळी तुमची गाडी जाईल त्याच वेळी जाऊन उभे राहा. कळमन्याला पहाटे लिलावाला पोचायचं असेल तर तुम्ही मध्यरात्री निघणार. मध्यरात्री तो पंप उघडा असतो का? रांगेत पिकअप किती, रिक्षा किती? तिथल्या ड्रायव्हर लोकांना विचारा. ते खरं सांगतात.

ताकदीचं म्हणाल, तर तेच पेट्रोल इंजिन गॅसवर चालवलं की जोर थोडा उतरतो, कारण गॅस हवेची जागा खातो. सपाट रस्त्याला कळत नाही, भरलेल्या गाडीला चढावर कळतं. दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी असेल तर चढाला पेट्रोलवर घेता येते. टाटाची इंट्रा व्ही-२० ही २०२२ मध्ये आलेली एक टनाची गाडी अशीच आहे. पण पेट्रोलची टाकी केवढी आहे ते बघून घ्या. छोट्या गाड्यांत ती पाच लिटरचीही असते, म्हणजे अडीअडचणीला पंपापर्यंत जाण्यापुरती. पेट्रोल आहेच की, म्हणून तिच्यावर नागपूर गाठता येत नाही.

आणखी एक. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबावर तपासणी करून घ्यावी लागते. जुनी गाडी घेत असाल तर टाकीवरची पट्टी आणि प्रमाणपत्राची तारीख आधी वाचा, रंग नंतर बघा.

नागपूरच्या आसपास राहणाऱ्या, पंप परतीच्या वाटेवर असणाऱ्या आणि वर्षभर गाडी पळवणाऱ्या माणसाला सीएनजी परवडते. ज्याला गॅससाठी वाकडी वाट करावी लागते त्याला नाही.

बॅटरीवरची

याबद्दल लोक एक तर घाबरतात, नाही तर भुलतात. मला स्वतःला ही गाडी गावातल्या रोजच्या कामासाठी फार आवडते, आणि ती नेमकी कुठे बसते ते स्पष्ट सांगितलं पाहिजे.

टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली. बॅटरी २१.३ युनिटची, भार ६०० किलो, कंपनीचा दावा एका चार्जिंगला १५४ किलोमीटर. नंतर एक टनाचीही आली. महिंद्राची झिओ २०२४ मध्ये आली, तिच्या मोठ्या बॅटरीच्या मॉडेलची बॅटरीही तेवढीच. दावा चाचणीतला असतो, तुमच्या खड्ड्यांतला नसतो. भरलेली गाडी, उन्हाळा, बॅटरी जुनी होत जाणार, हे सगळं धरून मी दाव्याच्या दोन तृतीयांश धरते, म्हणजे शंभर किलोमीटर. सगळ्यात लांबची भरलेली फेरी येऊन-जाऊन शंभरच्या आत बसत असेल तरच पुढे विचार करा. वरूडहून कळमना येऊन-जाऊन दोनशेच्या घरात जातो. विषय संपला.

पण सकाळी सहा गावांचं दूध गोळा करून दुपारी घरी येणारा? तालुक्याच्या बाजारात भाजी, किराणा पोचवणारा? त्याच्यासाठी हिशेब बघा. पूर्ण चार्जिंगला भरतानाची तूट धरून २४ युनिट लागली आणि युनिटला १० रुपये धरले, तर २४० रुपयांत शंभर किलोमीटर. किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैसे. तेवढ्याच वजनाची डिझेल गाडी लिटरला अठरा देत असेल आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर किलोमीटरला पाच रुपये. वर तेल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही. काजळीच्या जाळीची भानगड नाही, उलट थोडं चालून थांबणं या गाडीला मानवतं. ब्रेकमधून वीज परत मिळवण्याचं जे काम हायब्रिड करते, तेही ही करते.

अडचण घरच्या विजेची आहे. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ही गाडी साधारण तीन किलोवॅट ओढते आणि पूर्ण भरायला सात-आठ तास घेते. गावातल्या बऱ्याच घरांचा मंजूर भार त्याहून कमी असतो. तुमच्या वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो वाचा. कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून आधी भार वाढवा, चांगल्या वायरमनकडून जाड वायर आणि पक्कं अर्थिंग करून घ्या, मग गाडी आणा. शेतीपंपाच्या लाइनवर गाडी चार्ज करायचं मनात आणू नका. ती वीज पंपासाठी दिलेली आहे आणि तिच्या पाळ्या बदलत राहतात. रात्री गावात दाब किती पडतो, पावसाळ्यात वादळ झालं की लाइन किती तास जाते, हेही वहीत लिहा. दिवसभर तापलेली गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. सावलीत तासभर थंड होऊ द्या, लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही. वॉरंटी वर्षांत आणि किलोमीटरमध्ये, दोन्हींत दिलेली असते आणि जे आधी संपेल ते धरतात. बॅटरी किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, हे तोंडी नको, कागदावर घ्या. सर्व्हिस सेंटर अमरावतीला आहे की नागपूरला, आणि गाडी बंद पडली तर उचलून नेण्याचा खर्च कोणाचा, हे पण.

जास्तीचे पैसे कधी वसूल होतात

भागाकार सोपा आहे. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतला फरक घ्या, त्याला किलोमीटरमागच्या बचतीने भागा. फरक दीड लाख आणि बचत दोन रुपये, तर ७५,००० किलोमीटर. महिन्याला १,५०० किलोमीटर धावणाऱ्याला ५० महिने लागतील. वर्षाला बारा हजार धावणाऱ्याला सहा वर्षांहून जास्त. कर्ज घेतलं असेल तर फरकाच्या रकमेवरचं व्याज त्यात मिळवा. हप्ता दर महिन्याला असतो आणि आपलं उत्पन्न बहाराला. मे-जूनचे हप्ते कशातून जाणार, हे ठरल्याशिवाय महागडं मॉडेल घेऊ नये. बँकेत सहा महिन्यांचा किंवा पिकावरचा हप्ता मिळतो का, ते जरूर विचारा.

वजन आणि डाला

लोक इंजिनावर रात्र जागवतात आणि डाल्याचं माप विसरतात. संत्र्याचं भरलेलं कॅरेट वीस-बावीस किलोचं धरा. साठ कॅरेट म्हणजे सव्वा टन. सोयाबीनची पन्नास किलोची तीस पोती म्हणजे दीड टन. कापूस मात्र हलका आणि फुगीर, त्याला वजन नाही, जागा लागते. बोलेरो पिकअप १.३ टन, १.७ टन, दोन टन अशा वेगवेगळ्या भारांत मिळते. कागदावरच्या भारातून तुम्ही गावात बसवून घेतलेली लोखंडी जाळी, ताडपत्री आणि हमाल वजा करा, मग खरा माल किती ते कळतं. रिकामी गाडी जाळीसकट एकदा काट्यावर घ्याच.

कागदावर गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, त्याच्या वर गेली की लागतो. त्यामुळे थोड्या मोठ्या मॉडेलवर उडी मारताना हा खर्च आणि हेलपाटा धरा. चालवणाऱ्याच्या लायसन्सची काळजी मात्र नको. साडेसात टनांपर्यंत हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ओव्हरलोडचा कायद्यातला दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एका खेपेत सगळा हंगाम पुसला जातो. वजन नेहमीच जास्त होत असेल तर मोठी गाडी घ्या, पाटे वाढवू नका.

चालवून बघताना

रिकामी गाडी सगळ्याच छान पळतात. डीलरला म्हणा, भरून चालवणार. मालाचे कट्टे आपले घेऊन जा. भरलेली गाडी एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर पूर्ण थांबवा आणि पहिल्या गिअरमध्ये उचला. क्लचचा वास येतो का बघा. पांदण रस्त्यावर वळवून बघा, मागे घेऊन बघा. जो रोज चालवणार तोच चालवू दे. आमच्याकडे दिरांच्या उंचीला एका गाडीची सीट बसतच नव्हती, गाडी बाकी सगळी चांगली होती, तरी आम्ही ती सोडली. कळमन्याहून परतताना पाठ दुखणारा ड्रायव्हर कोणत्याही इंजिनापेक्षा महागात पडतो.

ॲव्हरेज विचारायचं तर सेल्समनला नको, तुमच्यासारखाच माल नेणाऱ्याला विचारा, आणि त्याने ते टाकी फुल ते टाकी फुल असं मोजलंय का हेही विचारा. घेतल्यावर तुम्हीही तसंच मोजा: डिझेल लिटरवर, गॅस किलोवर, बॅटरीच्या गाडीसाठी घरात वेगळा छोटा मीटर बसवून युनिटवर.

पैसे भरायच्या आधी चेसिसवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते तपासा. यार्डात बरेच महिने उन्हात उभी राहिलेली असेल तर किमतीत सूट मागा, आणि बॅटरीवरची असेल तर ती घेऊच नका, ताज्या महिन्याची मागा. दिवाळीच्या मुहूर्ताची घाई डीलरला असते. तुम्हाला गाडी पहिला तोडा उतरायच्या आठ दिवस आधी दारात हवी, तारीख तेवढी लिहून घ्या.